मस्ट फार्म : पाण्यावरचं गाव, जे वर्षभरही टिकलं नाही

आमच्या आजोळचं जुनं घर पाडलं तेव्हा मी बघायला गेले होते. कौलं मोजून शेजारच्या वाडीत गेली, वासे-तुळया मामाने विकल्या, तांब्याचा हंडा मोठ्या मावशीकडे, जातं धाकटीकडे, दाराच्या कड्या, बिजागऱ्या, खिळेसुद्धा उपसून घेतले. दोन पावसाळ्यांनी परत गेले तर जोतं होतं, थोडी खापरं होती आणि चुलीच्या जागेवर काळी पडलेली माती. आता समजा तीन हजार वर्षांनी तिथे कोणी खणलं तर त्याला काय वाटेल? की या घरात सामान असं काही नव्हतंच, आणि जे होतं ते फुटकं होतं.

पुरातत्त्वात जगभर हीच अडचण आहे. माणसं जाताना कामाचं सगळं घेऊन जातात, मागे राहतो कचरा, आणि आपण त्या कचऱ्यावरून अख्खं घर डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करतो. म्हणून इंग्लंडमधलं मस्ट फार्म हे प्रकरण मला इतकं मोलाचं वाटतं, कारण तिथे कोणाला काही घेऊन जायला वेळच मिळाला नाही. चुलीवरचं चुलीवर, मागावरचं मागाशी, आणि सगळं तसंच खाली पाण्यात. साधारण इ.स.पू. ८५० ची गोष्ट. २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा दोन खंडांचा रिपोर्ट केंब्रिजने सगळ्यांसाठी फुकट खुला केला, तेव्हापासून मी त्यात बुडालेय, आणि मराठीत याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय असं वाटलं म्हणून हे सविस्तर.

आधी थोडं मागचं. पाण्यात खांब रोवून बांधलेली प्रागैतिहासिक घरं म्हटलं की पहिलं नाव स्वित्झर्लंडचं निघतं. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झ्युरिक सरोवराचं पाणी खूप खाली गेलं, ओबरमाइलेनच्या लोकांनी ती संधी साधून काठावर भिंती घालून जमीन वाढवायला घेतली आणि चिखल उपसताना खांबांच्या रांगाच्या रांगा, दगडी कुऱ्हाडी, शिंगांची हत्यारं निघायला लागली. गावच्या शाळामास्तरांनी झ्युरिकला कळवलं, फर्डिनांड केलर येऊन बघून गेले, आणि १८५४ मध्ये त्यांनी मांडलं की सरोवरात पाण्यावर मोठाले माळे बांधून त्यावर गावं वसलेली होती. लोकांना ते चित्र इतकं आवडलं की शाळेच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर सगळीकडे तेच. मग विसाव्या शतकात त्यावर जोरदार भांडणं झाली, काहींनी तर म्हटलं की पाण्यावर एकही घर नव्हतं, सगळी काठावरच्या ओल्या जमिनीवर होती आणि पाणी नंतर चढलं. आता खणून खणून एवढं कळलंय की दोन्ही तऱ्हा होत्या, काठावर जमिनीला टेकलेली घरंही होती आणि उंच खांबांवरचीही. २०११ मध्ये आल्प्सच्या आसपासच्या सहा देशांमधल्या अशा १११ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

त्यातल्या बऱ्याच गावांचं आयुष्य फार लहान होतं हे लक्षात ठेवा. बोडेनझे सरोवराच्या काठी आर्बोन गावाजवळ एक वस्ती खणलीय, तिथल्या खांबांच्या वर्षवलयांवरून, म्हणजे लाकडात दर वर्षी पडणाऱ्या कड्यांवरून, पहिलं घर इ.स.पू. ३३८४ चं आणि सगळं जळून संपलं ते ३३७० च्या सुमारास. म्हणजे पंधरा-एक वर्षं. आपल्याला हे कमी वाटतं, पण मस्ट फार्मपुढे तेही खूप झालं.

मस्ट फार्म सरोवरावर नाही, एका संथ नदीवर आहे. म्हणजे होतं. केंब्रिजशायरमध्ये पीटरबरोजवळ व्हिटलसी म्हणून गाव आहे, त्याच्या बाजूला फेन्सचा सपाट पाणथळ प्रदेश, जो गेल्या चारशे वर्षांत पाणी काढून काढून शेतीखाली आणला. कांस्ययुगात तिथे सगळीकडे पाणी, बोरू-लव्हाळे, मधूनमधून सुकी उंच जमीन, आणि जायचं-यायचं ते होडीतून. आज तिथे विटांसाठी चिकणमाती काढायची मोठी खाण आहे. १९९९ मध्ये मार्टिन रेडिंग या स्थानिक पुरातत्त्वज्ञांना त्या खाणीच्या कडेला मातीतून डोकं काढलेले लाकडी खांब दिसले. कोणी म्हणेल खांबच ते, कुंपणाचे असतील. पण हा माणूस थांबला, त्याने कळवलं, आणि मग २००४ आणि २००६ मध्ये थोडी थोडी खणून तपासणी झाली. २०११ मध्ये जवळच त्याच जुन्या नदीपात्रात एकाच खोडातून कोरलेल्या नऊ होड्या मिळाल्या, वेगवेगळ्या शतकांमधल्या. आणि मुख्य खोदकाम झालं २०१५-१६ मध्ये, साधारण दहा महिने, केंब्रिज आर्किऑलॉजिकल युनिटने, मार्क नाइट यांच्या देखरेखीखाली. खर्च ११ लाख पौंड, तो हिस्टॉरिक इंग्लंड आणि खाणमालक फॉर्टेरा कंपनी यांनी मिळून दिला.

निघालं काय, तर नदीच्या पात्रात खांबांवर उभी असलेली घरं. पाचांचे अवशेष हाती लागले. एकंदर दहा-एक असावीत, पण निम्मा भाग विसाव्या शतकातल्या खाणकामात आधीच गेला होता. सगळ्यांभोवती टोकदार खांबांचा, दोनेक मीटर उंचीचा मेढेकोट, काही घरांना जोडणाऱ्या वाटा, माणसं पन्नास-साठ असतील असा अंदाज. मुख्य घरं गोल. भिंती कुडाच्या. कूड म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, उभ्या मेढींमध्ये काठ्या-कांबी विणायच्या आणि त्याची भिंत करायची, आमच्याकडे मांगराला अशीच भिंत होती. छप्पर मात्र आपल्यापेक्षा जाड, तीन थरांचं : आत उबेसाठी गवताचा पेंढा, त्यावर मुळांसकट काढलेली हिरळीची ढेकळं आणि वरून चिकणमातीचा लेप. इंग्लंडचा हिवाळा आहे, तेवढं लागणारच.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. साधारण त्याच काळात आपल्याकडे घोडनदीच्या काठी इनामगावला, शिरूर तालुक्यात, जोर्वे नावाच्या ताम्रपाषाणकालीन संस्कृतीच्या शेवटच्या, म्हणजे उत्तर जोर्वे काळातले लोक गोल झोपड्यांमध्ये राहत होते. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत इतकं बारकाईने खणलं की आजही ते काम वाचताना अभिमान वाटतो. पण तिथे खांबांची उरली ती जमिनीतली भोकं. लाकूड कुजून गेलं, वाळवीने खाल्लं, आणि कुठे खांब होता हे मातीच्या बदललेल्या रंगावरून ओळखायचं. कापड, दोर, टोपल्या, लाकडी भांडी असलं सगळं आपल्या हवेत आणि आपल्या मातीत नाहीसं होतं. मस्ट फार्मला तेच सगळं आहे. म्हणून इनामगाव वाचलेल्या माणसाने मस्ट फार्मही वाचावं असं मला मनापासून वाटतं, तिथली भोकं बघून जे मनातल्या मनात भरायचं असतं ते इकडे प्रत्यक्ष दिसतं.

आता हे टिकलं कसं? दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. आधी आग, मग पाणी. घरं पेटली, खालचे खांब आणि फरशीच्या काठ्या जळत गेल्या आणि घरंच्या घरं सरळ खाली नदीत बसली. पडताक्षणी आग विझली. जे अर्धवट जळून कोळसा झालं होतं ते कुजत नाही, कारण कोळशात जंतूंना खाण्यासारखं काही राहत नाही, म्हणून सुताच्या लडी, कापडाचे तुकडे, धान्य हे सगळं कोळशाच्या रूपात राहिलं. आणि जे जळलं नाही, म्हणजे जाड लाकूड वगैरे, ते गाळात पुरलं गेलं, तिथे प्राणवायू नाही म्हणून तेही राहिलं. नदी अगदी संथ होती, बारीक गाळ हळूहळू वर बसत गेला, सामान फारसं वाहून गेलं नाही. म्हणजे घरात जी वस्तू ज्या कोपऱ्यात होती, ती त्याच कोपऱ्याच्या बरोबर खाली चिखलात. नदीच्या तळाशी घराचा नकाशाच तयार झाला म्हणा ना.

आणि वर्षभरही टिकलं नाही हे कशावरून? या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, कारण यात एक मोठा पुरावा नाही, लहान लहान पाच-सहा आहेत आणि सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. खांबांची वर्षवलयं सांगतात की झाडं एकाच वेळी तोडली होती. जळताना लाकूड ओलं होतं, हिरवं, अजून वाळलंही नव्हतं. भुंगेरे, पोखरकिडे लाकडाला लागतात, जुन्या घरात तर लागतातच, इथे त्यांचा पत्ता नाही. एकही खांब बदललेला नाही, कुठे डागडुजी नाही. घरांखाली गाळात सुतारकामाच्या ढलप्या पडल्यात, घर बांधताना तासलेल्या, आणि त्यांच्यावर रोजच्या कचऱ्याचा जो थर आहे तो पातळ, खाऊन फेकलेली हाडं, फुटकी खापरं, एवढंच. आणि मग कोकरं. आगीत सापडलेल्या कोकरांची हाडं तपासली तर ती तीन ते सहा महिन्यांची होती, मेंढ्या तिकडे वसंतात वितात, म्हणजे आग लागली ती उन्हाळा संपताना किंवा शरद ऋतू लागताना. माणसाने आयुष्यभर राहायला घर बांधावं, नवीन लाकडाचा वास अजून गेलेला नसावा, आणि तेवढ्यात हे.

आता घरात जाऊ या, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. एक मोठं घर जवळजवळ पन्नास चौरस मीटरचं आहे, आपल्या हिशोबात सव्वापाचशे चौरस फूट, म्हणजे पुण्या-मुंबईतला बऱ्यापैकी वन बीएचके. आत भिंती घालून खोल्या पाडलेल्या नाहीत, पण कामांच्या जागा ठरलेल्या होत्या. भांडीकुंडी आणि स्वयंपाक एका बाजूला, विणकाम-शिवणकाम एका बाजूला, धातूची हत्यारं त्यांच्या जागी, कोकरं त्यांच्या जागी, आणि एक भाग जवळपास रिकामा, तिथे झोपत असावेत. आजीच्या घरी माजघर, पडवी, गोठा असे शब्द होते, इथल्या लोकांचेही त्यांच्या भाषेत असणारच, ते शब्द कायमचे गेले पण जागा राहिल्या.

एकूण हिशोब बघा : मातीची १२८ भांडी, जवळजवळ २०० लाकडी वस्तू, कापड आणि धाग्यांचे १५० च्या वर नमुने, धातूच्या ९० हून जास्त वस्तू. हत्यारांत कुऱ्हाडी, विळे, गोल पटाश्या, भाले, वस्तरे. आणि गंमत अशी की ही हत्यारं एकाच घरात साठवलेली नाहीत, घराघरात साधारण तेच ते सामान आहे, जसं आपल्याकडे प्रत्येक घरात विळी-पाटा असायचाच. पूर्वी कांस्ययुगातल्या धातूच्या वस्तू सापडायच्या त्या बहुतेक कुठेतरी पुरून ठेवलेल्या साठ्यात किंवा पाण्यात मुद्दाम टाकलेल्या, त्यामुळे असं वाटायचं की कांसं म्हणजे मोठ्या लोकांचं, देवाधर्माचं काम. इथे कळलं की साध्या घरातही ही हत्यारं रोज हाताखाली होती. माझ्या मते या खोदकामाने दिलेलं हे सगळ्यात मोठं उत्तर आहे, पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्या मण्यांपेक्षा आणि चाकापेक्षाही.

मातीच्या भांड्यांमध्ये अगदी छोट्या पेल्यांपासून मोठ्या रांजणांपर्यंत सगळे आकार, काही एकात एक बसवून ठेवलेली, डब्यात डबा ठेवतो तशी. आणि त्यातलं ते एक वाडगं. कुंभारकाम करणाऱ्या हाताच्या बोटांचे ठसे त्याच्यावर अजून आहेत. आत गव्हाची लापशी, जनावराची चरबी घातलेली, बकरीची किंवा हरणाची असावी, ती तशीच करपून चिकटलेली. आणि त्या लापशीत ढवळायचा लाकडी कलथा, वाडग्याच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवलेला. ज्याने कधी लापशी किंवा खीर ढवळलीय त्याला हे लगेच कळेल, खाली लागू नये म्हणून ढवळत राहायचं असतं, आणि क्षणभर कशासाठी तरी वळायचं झालं तर पळी अशीच कडेला टेकवून वळतो. पहिल्यांदा त्याचा फोटो बघितला तेव्हा बराच वेळ मी पुढचं पान उलटलं नाही. तो कलथा ठेवणारा हात परत आलाच नाही.

दुसरी एक वस्तू आहे जिच्याबद्दल फार लोक बोलत नाहीत, लाकडी बादली. तिच्या बुडावर बाहेरच्या बाजूने सुरीचे खूप ओरखडे आहेत. म्हणजे काय, तर बादली उपडी घालून तिच्यावर भाजी-मांस चिरायचे. घरात पाट नसेल किंवा शोधायचा कंटाळा आला असेल, मग समोर आहे ते उपडं घाल आणि चिर. असली सोय कुठल्याही राजाच्या थडग्यात सापडत नाही, ती फक्त चालत्या घरात सापडते.

कापडाचं तर नवलच. जवसाच्या आणि झाडाच्या सालीच्या धाग्यांपासून केलेलं आहे, काही इतकं तलम की अभ्यासक त्याला मखमलीसारखं म्हणतात, कडा नीट दुमडून शिवलेल्या. सूत करायची पद्धतही वेगळी. आपण चाती-टकळीवर पेळू ओढत ओढत कातणं बघितलंय, हे लोक जवसाच्या लांब तंतूंच्या पट्ट्या घेऊन एकीचं टोक दुसरीला जोडून पिळत जायचे आणि मग असे दोन पदर एकत्र वळायचे. त्या पद्धतीने केलेल्या धाग्याचे गुंडे आणि गुंडाळ्या तशाच्या तशा मिळाल्यात, आणि विणकामाच्या मागाची वजनंही. कोणाचं तरी अर्धं काम तिथेच राहिलं.

खाण्याचं बघायला गेलं तर पाण्यावर राहणारी माणसं मासेच खात असतील असं आपल्याला वाटणार. खात होतेच, पाइक, ब्रीम असले गोड्या पाण्यातले. पण गहू, जव, मेंढी, रानडुक्कर, हरीण हे सगळं सुक्या जमिनीवरचं. शेतं तिकडे, चराई तिकडे, आणि राहायला पाण्यावर. एका भांड्यात हरणाचं मांस आणि मध यांचे अंश एकत्र मिळाले, म्हणजे मध लावून मांस शिजवायचे. त्यांच्या पोटाची गोष्टही समजलीय. घरांच्या आसपास चिखलात माणसांची आणि कुत्र्यांची विष्ठा दगडासारखी टिकून राहिली होती, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर माशांमधून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी सापडली. हा कृमी माणसाच्या आतड्यात दहा मीटरपर्यंत वाढू शकतो. मूत्रपिंडात राहणाऱ्या मोठ्या कृमीचीही अंडी मिळाली. म्हणजे मासे, बेडूक वगैरे कच्चे किंवा अर्धेकच्चे खायचे. कुत्र्यांच्या पोटातही तेच कृमी, म्हणजे कुत्र्यांना घरातलंच उरलंसुरलं मिळायचं. मघाशी आर्बोनचा उल्लेख केला, तिथे अडीच हजार वर्षं आधी त्याच पट्टकृमीची अंडी मिळालीत. पाण्याजवळ राहायचे फायदे खूप पण ही एक किंमत पिढ्यानपिढ्या मोजत आलेत.

चाक सापडलं म्हणून सगळीकडे बातम्या आल्या होत्या, २०१६ ची गोष्ट. लाकडी, मीटरभर व्यासाचं, अख्खं. ब्रिटनमध्ये त्या काळातलं इतकं मोठं आणि पूर्ण चाक दुसरं नाही. पाण्यावरच्या घरात चाक कशाला असं कोणीही विचारेल, पण मघाचं शेत आठवा, गाडी सुक्या जमिनीवर चालायची आणि चाक दुरुस्तीला किंवा ठेवायला घरी आणलं असेल. मणीही आहेत, अंबरचे (म्हणजे जुन्या झाडांच्या चिकाचा दगडासारखा झालेला पिवळा खडा) आणि काचेचे. अंबर उत्तर युरोपाकडचं, आणि काचेचं विश्लेषण केल्यावर काही काच थेट इराणच्या बाजूची निघाली. आता याचा अर्थ इराणहून कोणी माणूस चालत आला असा करू नका, हातोहात, बाजारातून बाजारात, सासरी-माहेरी करत तो मणी आला असणार. तरी पण पाणथळीतल्या एका कुडाच्या घरात तो होता, हे खरंच.

आणि एक कवटी. प्रौढ बाईची, आणि हात लागून लागून गुळगुळीत झालेली. आगीत मेलेली नाही ही, ती आधीपासून घरात होती. अभ्यासकांचा अंदाज असा की कोणा जवळच्या माणसाची आठवण म्हणून जपली असावी. आपल्याला पहिल्यांदा कसंतरी होतं वाचून, पण इनामगावला तर लहान लेकरांना घराच्या जमिनीखालीच मडक्यांमध्ये पुरायचे. आपलं माणूस घराबाहेर जाऊ नये, एवढीच ती गोष्ट असावी असं मला वाटतं.

आगीत माणूस एकही मेलेला सापडला नाही, निदान खणलेल्या भागात तरी. सगळे निघाले. आता राहतो मुख्य प्रश्न, आग लागली की लावली?

रिपोर्ट यावर निकाल देत नाही आणि तेच बरोबर आहे. अपघात म्हणणाऱ्यांची बाजू साधी आहे : घरं एकमेकांना अगदी खेटून, आत उघडी चूल, वर पेंढा, भिंती काटक्यांच्या, एका घराला लागली की बाकीची काही मिनिटांत. हल्ला म्हणणाऱ्यांची बाजूही तितकीच सरळ : माणसं मेढेकोट उगाच घालत नाहीत, आणि आगीनंतर कोणी परत का आलं नाही? मला स्वतःला ही दुसरी गोष्ट सोडवत नाही. कांसं महाग, ते वितळवून पुन्हा वापरता येतं, मोडका विळासुद्धा कोणी टाकत नाही. आणि हे सगळं फार खोल नव्हतं पडलेलं, संथ पाणी होतं, होडीतून येऊन, बुडी मारून, गळ टाकून चार कुऱ्हाडी तरी काढता आल्या असत्या. कोणी नाही काढल्या. आपल्याकडे घराला आग लागली तर दुसऱ्या दिवशी राखेतून लोक भांडी, दागिने शोधतात, हे मी एका वस्तीत स्वतः बघितलंय, गरम राखेत काठीने चाचपत बायका बसल्या होत्या. मग ही माणसं का आली नाहीत? येऊ दिलं नाही कोणी, की तिथे परत पाऊल ठेवणं त्यांच्यात अशुभ मानत होते, की सगळे फार लांब गेले? माझा कल पहिल्याकडे आहे. पण घरांवर किंवा सामानावर लढाईची उघड खूण नाही, तेव्हा माझा कल म्हणजे पुरावा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

पेपरवाल्यांनी याला ब्रिटनचं पॉम्पेई म्हटलं, ते मला पटत नाही. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई शतकानुशतकं वसलेलं शहर होतं, तिथे थरावर थर, जुन्या भिंतीवर नवा गिलावा. मस्ट फार्म म्हणजे नवं मांडलेलं घर. लग्न होऊन नवीन बिऱ्हाड केलं की पहिल्या वर्षी घर कसं असतं आठवा, भांडी सगळी शाबूत, कोपऱ्यात अडगळ साठलेली नाही, कोणतीच वस्तू अजून तिसऱ्यांदा दुरुस्त झालेली नाही. म्हणून इथल्या सामानाच्या यादीवरून कांस्ययुगात सगळीकडे प्रत्येक घर एवढं भरलेलं होतं असं म्हणायची घाई करू नये. ही माणसं दुसरीकडून इथे आली होती, आधीच्या घरातलं कामाचं सगळं सोबत घेऊन, आणि ते आधीचं घर कुठेतरी असेल, जोतं आणि चार खापरं होऊन. नदीचा तो भाग त्यांना अनोळखी नव्हता, त्याच जागेवर काही शतकं आधीच्या ओकच्या खांबांची एक जुनी वाटही मिळालीय, आणि मघाच्या त्या होड्याही. तिथे घर करायचं म्हणून कोणीतरी भर पाण्यात ओला खांब धरून उभं राहिलं आणि दुसऱ्याने तो तळात ठोकला, असं शेकडो वेळा, आणि मेढेकोट वेगळा.

खाणीने जो निम्मा भाग नेला त्याचं मला वाईट वाटतं, पण रागही येत नाही, कारण खाण नसती तर ते खांब दिसलेच नसते, खोल गाळाखाली राहिले असते. त्या निम्म्यात आणखी चार-पाच घरं असावीत. तिथेही चूल असेल, गुंडाळलेलं सूत असेल, एखादी उपडी बादली असेल, ते सगळं यंत्राच्या फावड्यातून गेलं तेव्हा कोणी बघणारं नव्हतं. उरलेल्या निम्म्यातलं ते वाडगं मात्र हाताने माती बाजूला करत करत काढलंय, आतल्या लापशीसकट, कलथ्यासकट.